तिसरी हाक

गारखेड्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर साड्या वाळत घालायची जी दोरी आहे, तिला मी आयुष्यातले निम्मे रविवार लटकलो आहे. वेरूळच्या वरचे कडे, दौलताबादच्या मागची धार, म्हैसमाळच्या खालचे सरळसोट कातळ. आम्ही चार-पाचजण स्कूटरवर दोर लादून निघायचो, वरून खाली उतरायचो आणि खालून पुन्हा वर चढायचो. बांधकाम खात्यात आठवडाभर टेबलावर मान मोडायची आणि एक दिवस कमरेला गाठ मारून हवेत पाय सोडायचे. पहिलं पाऊल कड्याबाहेर पडतं तेव्हा पोटात जो गोळा येतो, त्याची मला चटक लागली होती. लोक देवळात जातात, मी तिकडं जायचो, आणि त्यावरून कुणी शहाणपण शिकवलेलं मला खपत नसे. अजूनही खपत नाही.

आमच्यात नियम फार नव्हते, पण एक होता. कड्यावर हाक आली की ओ द्यायची. आधी ओ, मग विचार. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही, मधे नुसता दोर. लटकलेल्या माणसानं हाक मारावी आणि वरून काहीच येऊ नये, यासारखी वाईट वेळ नाही. हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. ती सवय माझ्या अंगात इतकी मुरली होती की ऑफिसात शिपायानं दुसऱ्याच कुणाला हाक मारली तरी मी ओ द्यायचो आणि सगळे हसायचे.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढच्या साली माझा जन्म. नोकरीची वर्षं भरली, हारतुरे झाले आणि त्या हारांची फुलं सुकायच्या आत माझ्या हृदयाच्या नळीत जाळी बसली. डॉक्टर म्हणाले, फिरा हवं तेवढं, पण कडा बंद. बायको शाळेतून निवृत्त झालेली, तिला सांगितलेलं लगेच अमलात आणायची खोड. दुसऱ्याच दिवशी तिनं दोर गच्चीवर बांधला, पहिली ओली साडी त्यावर टाकली आणि माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं जिना उतरून आलो.

महिनाभर मी घरात चिडचिड करत हिंडलो. शेवटी तीच कंटाळून म्हणाली, "अहो, तुम्हाला डोंगरच हवाय ना? मग डोंगरावर जाऊन बसू. लटकायलाच कशाला पाहिजे?"

अशा रीतीनं आम्ही तंबूवाले झालो. जुन्या मारुतीत तंबू, दोन घडीच्या खुर्च्या, स्टोव्ह, थर्मास आणि कुकर. होय, कुकर. ज्या पठारावरून मी एकेकाळी पाठमोरा हवेत उतरायचो, तिथं वरणाच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोला मात्र सगळं आवडायचं. गवतातली फुलं, सकाळचा चहा, अंगावर शाल घेऊन काहीही न करणं. हळूहळू मलाही आवडायला लागलं, हे मी तिला बरेच दिवस कळू दिलं नाही.

पण बसायला लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. कड्यावर असताना माणसाला स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. खुर्चीत बसलं की डोंगर ऐकू यायला लागतो. भर दुपारी ओरडणारे मोर एकदम, सगळेच्या सगळे, गप्प व्हायचे. वारा पडलेला असायचा आणि समोरचं एकच झुडूप हलत राहायचं. उतारावरून खडे घरंगळत यायचे, एकामागून एक, कुणीतरी सावकाश चालत यावं तसे, आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर थांबायचे. आम्ही दोघं एकाच वेळी मान वळवायचो, आणि मग एकमेकांना चहाचं विचारायचो. इतकी वर्षं कड्यावर मला जी भीती वाटली ती मी विकत घेतलेली होती. ही आयती येऊन शेजारच्या खुर्चीत बसायची.

मी सांगतोय ती गोष्ट गणपती उठल्यानंतरच्या दिवसांतली. वेरूळच्या वर पठारावर आम्ही तंबू ठोकला होता. कडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे बायकोनं मोजून मापून जेवढा लांब ठेवला तेवढा. शेजारीच एका मेंढपाळाच्या मेंढ्या बसल्या होत्या. म्हातारा, म्हातारी आणि त्यांचा लग्नाच्या वयाचा मुलगा. दुपारी म्हातारा-म्हातारी आमच्याकडं चहाला आली. म्हाताऱ्यानं माझ्या घडीच्या खुर्चीत बसून पाहिलं, दोनदा डुलून पाहिलं आणि "बसल्यावानी वाटत नाय" असा निकाल दिला.

म्हातारी माझ्या बायकोला म्हणाली, "बाई, एक सांगू का? हितं कुणी हाक मारली तर लगीच ओ द्यायची नाय. तिसरी हाक येऊ द्यायची. माणूस असंल तर तिसऱ्यांदा मारतो. ते दुसरं जे असतं ना, त्याला दोनाच्या वर मारता येत नाय."

"आणि दिली ओ तर?" मी मुद्दाम विचारलं. बायकोनं मला चिमटा काढला.

"मंग तुम्ही कबूल झालात," म्हातारा म्हणाला. "लई साधं हाय, साहेब. त्यानं मागितलं, तुम्ही दिलं."

मी त्याला आमचा नियम सांगितला. आधी ओ, मग विचार. तो बराच वेळ हसला. मग बशी खाली ठेवत म्हणाला, "तुमचे समदे दोस्त हायेत का अजून?" मी विषय बदलला.

चहा झाल्यावर तो वेरूळला लेकीकडं जायला निघाला. रात्री तिथंच राहणार होता, दुसऱ्या दिवशी दुपारी परत येणार होता.

सकाळी मी तंबूबाहेर आलो तेव्हा उजाडलं होतं, पण तो नुसता उजेड होता. धुक्यामुळं त्यात दिसत काही नव्हतं. बायकोनं चहा ओतला. पलीकडं म्हातारी चुलीपाशी बसली होती, मुलगा मेंढ्यांत उभा होता. कपभर चहा पिऊन होतोय तोच कड्याच्या बाजूनं हाक आली.

"एऽऽऽ!"

लांबलेली, खालून वर येणारी. नाव नाही, गाव नाही. बसलेल्या मेंढ्या उठल्या. सगळ्यांची तोंडं कड्याकडं वळली. त्यांचं कुत्रं, जे माझ्या धोतरासारख्या सैल पायजम्यावरही आदल्या दिवशी तासभर भुंकलं होतं, ते पोट जमिनीला लावून म्हातारीच्या मागं गेलं.

माझं तोंड उघडलं होतं. बायकोनं मनगट धरलं. म्हातारी उठून मुलापाशी गेली होती, तिकडून तिनं तोंडावर हात ठेवून मला मान हलवून दाखवली. दुसऱ्या हातानं तिनं मुलाला घट्ट धरून ठेवलं होतं.

"एऽऽऽ!"

दुसरी. पहिलीपेक्षा बारीक.

मग काहीच नाही. आम्ही चौघं तिसरीची वाट बघत होतो. धुकं जमिनीलगत सरकत होतं. मला एवढंच कळत होतं की खाली कुणीतरी अडकलंय, त्याच्यात तिसरी हाक मारायचं बळ राहिलेलं नाही, आणि वर चार धडधाकट माणसं तोंडावर बोट ठेवून बसली आहेत. आमच्या गप्प बसण्यानं एक माणूस मरणार होता. मला भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही.

"ओऽऽऽ!" मी ओरडलो. "आलो!"

म्हातारीनं पदर तोंडावर ओढून घेतला. खालून काहीही उत्तर आलं नाही. कड्यावर मी हजार वेळा ओ दिली असेल, पण ओ दिल्यावर अशी शांतता कधी ऐकली नव्हती. जणू कुणाचं काम झालं होतं आणि तो निघून गेला होता.

"खाली कोण असेल?" मी मुलाला विचारलं.

"कुणी नाय," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आवाज आबाचा होता. आबा तर वेरूळात हाय. मंग ह्यो कोण?"

म्हणून ती दोघं गप्प होती. परक्याचा आवाज असता तर कदाचित त्यांनी धीर केला असता. आपल्याच माणसाचा आवाज, आणि तो माणूस तिथं नाही, याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता.

मी निघालो. त्या कड्याच्या बगलेला एक घळ आहे, तिनं पायी उतरता येतं आणि मधे एक रुंद टप्पा लागतो. आम्ही पूर्वी तिथं बसून डबे खायचो. बायको आडवी आली नाही. "छातीत जाळी आहे, आणि दोर घरी आहे," एवढंच म्हणाली आणि मनगट सोडलं. घळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मुलगा मागून आला.

म्हातारा त्या टप्प्यावरच होता. उताणा पडलेला, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, कपडे दवानं ओलेचिंब. डोळे उघडे होते. तो आम्हाला बघत होता, आम्ही जसजसे खाली येत होतो तशी त्याची नजर सरकत होती, पण तोंड घट्ट मिटलेलं.

"आबा!" मुलगा ओरडला.

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

"अवं आबा!"

काही नाही. दातखीळ बसलीय असं मला वाटलं. मुलगा रडायच्या बेताला आला होता. त्यानं गुडघ्यावर बसून अगदी कानाशी पुन्हा हाक मारली, "आबा."

"ओ," म्हातारा म्हणाला, आणि हमसून हमसून रडायला लागला.

लेकीकडं त्याचं मन लागलं नव्हतं. मेंढरांत निजायची सवय. सांजेलाच परत निघाला, जवळची वाट म्हणून घळीनं चढला आणि पाय घसरला. तेव्हापासून तो तिथं पडून होता.

"मग आणखी हाका का नाही मारल्या?" मी विचारलं. "दोन मारून गप्प का बसलात?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "म्या एक बी हाक मारली नाय, साहेब. हितं हाक मारावी, आन् ओ कोण देईल काय सांगता येतं? दात दाबून पडून होतो. उजाडताना हाक आली ती वरून. दोनदा. हिचा आवाज होता, माझ्या बायकोचा. तिसरी आलीच नाय. मंग कुणीतरी म्हणलं, आलो. म्हणलं, आता संपलं आपलं."

मुलानं आणि मी एकमेकांकडं बघितलं नाही. घोंगडीची झोळी करून आम्ही त्याला वर आणला, अर्ध्या वाटेवर वेरूळहून वर आलेले दोघे गुराखी मदतीला मिळाले. मी मधे तीनदा बसलो. मारुतीच्या मागच्या सीटवर आडवा टाकून त्याला सरकारी दवाखान्यात पोचवलं. वाटेत दौलताबादच्या फाट्यावरची पाटी दिसली तेव्हा बायको पुढं बघतच हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही शेजारी बसलेले नसतात तर मी शपथेवर सांगितलं असतं की ती हाक तुमची होती."

म्हातारा वाचला. दुपारपर्यंत तसाच राहिला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. पायात सळई घातली. घरी सोडायच्या दिवशी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा म्हातारी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली आमची वाट बघत होती. तिच्या मुठीत दृष्ट काढायला मीठ-मिरच्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, आत चला ना, ओवाळा त्यांना."

"त्या हाकंला त्येंनी कुठं ओ दिली?" म्हातारी म्हणाली. "म्या दिली नाय, पोरानं दिली नाय. ओ तुम्ही दिली, दादा."

बायकोनं आयुष्यभर वर्गात पोरांना असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं. तिनंच मला दंडाला धरून पूर्वेकडं तोंड करून उभं केलं. म्हातारीनं ओवाळलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "माझा माणूस दिला तुम्ही मला," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्यात आनंद किती आणि माझ्यासाठीचं रडणं किती, हे मला सांगता येणार नाही.

तंबू आम्ही ठेवला. अजून जातो. बायको सगळं पूर्वीसारखंच करते, कुकरसुद्धा लावते. फक्त पहाट व्हायला आली की ती जागी होते आणि माझं मनगट हातात धरून बसते, ऊन तंबूवर येईपर्यंत सोडत नाही. नाडी बघते म्हणते. मी हात काढून घेत नाही. मीही जागाच असतो, कान कड्याकडं लावून. त्या सकाळी दोन हाका झाल्यात आणि मी कबूल झालोय. तिसरी आली तर मी ओ देणार, हे तिला माहीत आहे.