मांडीवरची माती

मोहाडीहून निघालेल्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर कापडी पिशवी, हातात पाण्याची बाटली. मला तहान लागली होती, आणि मागायला लाज न वाटणं हा बायकोच्या मते माझा एकमेव गुण. मी बाटलीला हात घातला, तशी त्यानं ती झटकन ओढली.

"पिऊ नका जी! गटाराच्या नाल्याचं आहे. तपासाले नेऊन राहिलो."

"दिसतं तर स्वच्छ!"

"म्हणूनच तं! शिसं डोळ्यांले दिसते का? याच पाण्यावरचा पालक आमचे पोरं खात होते."

पिशवीत त्याच्या वावरातली माती होती, तीही तपासायलाच. खड्डा आला की तो तिच्यावर तळहात ठेवायचा.

"आणि मातीही खराब निघाली तर?"

"तं नाल्याचं पाणी बंद. पालकाच्या जागी झेंडू लावू. झेंडू कोणी खात नाही जी."

"त्यापेक्षा वावर विकूनच टाका ना."

"बिमार पडलं म्हणून घरच्या माणसाले कोणी विकते का?" तो हसला.

भंडाऱ्याला दारात गर्दी होती. त्यानं पिशवी माझ्याकडे दिली. घरी माझ्या हाती कोणी दुधाचं पातेलंही देत नाही. खाली उतरून त्यानं खिडकीकडे हात वर केले, आणि मी ती माती दोन्ही हातांनी, अलगद, त्याच्या हवाली केली.