दोन ग्रंथ, एक परवाना

नांदूरघाटच्या आमच्या वाचनमंडळाचा एक किस्सा सांगायला घ्यावा, तर चार आणखी धक्काबुक्की करत पुढे येतात. पण सगळे शेवटी त्या दोन ग्रंथांपाशीच जातात!

निजामाचं राज्य. पुस्तक ठेवायला परवाना लागे, आणि आम्हाला मिळाला एकाचा. पुण्याच्या दुकानदाराने निवडायला दोन धाडले: एक सांख्य तत्त्वज्ञानाचा जुना, मुळातला, जाडजूड; दुसरा नवा, आजचे विद्वान सांख्याकडे कसं पाहतात त्यावरचा. आठ दिवसांत एक परत करायचा! आमचं मंडळ शाळेच्या ओसरीवर बसे; पार्सल तिथंच सोडलं.

*

नरहरपंतांना जुना हवा होता. त्यांची नजर अधू होत चालली होती. "डोळे हायेत तवर एकदा मुळातून वाचू द्या," म्हणायचे.

फारसी शिकवून निवृत्त झालेले मुन्शीजी नव्यावर अडून बसले. "जुनं कवाच चघळून झालं, पंत! आज काय चाललंय ते बघा!"

*

तेव्हा ग्रंथांची पानं कडेला जोडलेली यायची. कापली की ग्रंथ परत जात नसे. मग न कापता वाचायचं कसं? मुन्शीजी पानांची नळी करून एक डोळा आत घालत.

तशात पोलिसांचे अमीनसाहेब तपासणीला आले. "ये क्या चल रहा है?"

मुन्शीजी डोळा न काढता म्हणाले, "फलसफा, हुजूर! तत्त्वज्ञान!"

*

मंडळात आम्ही चौघं; पंत, मुन्शीजी, मी आणि चौथे दगडूआबा. अक्षरओळख नाही, पण गावचे पंच. सहा दिवस नुसते ऐकत होते. सातव्या दिवशी म्हणाले, "नव्या बुकात जुन्याचं काय चुकलं ते सांगतेत न्हवं? मंग ज्याच्यावर आळ हाय, त्याचं आदी ऐकाया नगं का?"

मुन्शीजी लई चिडले! मी त्यांच्या बाजूचा. झाले दोन विरुद्ध दोन.

*

आठव्या दिवशी भर दुपारी टपालवाला शाळेच्या ओसरीवर हजर! कोणता बांधायचा?

मुन्शीजींनी चाकू काढला आणि जुन्या ग्रंथाची पानं सरासरा कापली! नवा स्वतःच बांधून टपालवाल्याच्या हाती दिला. "घ्या पंत. वाचा."

पंतांनी पान डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"उजेड कमी हाय हो," म्हणाले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मुन्शीजींनी ग्रंथ त्यांच्या हातून घेतला, चष्मा पुसला.

"हौ पंत, लई कमी हाय," म्हणाले, आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचू लागले.