उघड्या हातांचा कॅचर आणि आमचे काका

अन्याय दोघांवर झाला. एका बेसबॉलपटूवर एकोणिसाव्या शतकात, आणि आमच्या शेजारच्या काकांवर २००७च्या ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकराला, मराठी मंडळाच्या सभेत, चहाच्या आधी. अमेरिकेतल्या आमच्या या अख्ख्या आयसेलिन गावात मेलेल्या माणसाची इतकी उस्तवार करणारा जिवंत माणूस दुसरा नाही. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात; काका लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं वाचू लागले आणि त्यांत त्यांना हा कॅचर सापडला. उघड्या हातांनी चेंडू झेलायचा. दहाही बोटं वाकडी. पुढे हातमोजे आले, तर हा म्हणाला, नकोत. टीमने काढून टाकलं, उरलेलं आयुष्य वीटभट्टीवर गेलं, आणि आता आमच्याच गावच्या दफनभूमीत त्याच्यावर नुसतं गवत आहे. नावाचा दगडसुद्धा नाही. हे काका जेवायला आलेल्या प्रत्येकाला सांगतात, वरणभात वाढायच्या आधी. पिकनिकला त्यांनी तसा चेंडू झेलूनही दाखवला. करंगळी वांग्याएवढी सुजली. काकू म्हणाल्या, "त्याचं दुखणं त्याच्याबरोबर गेलं होतं. तुम्ही कशाला परत आणलंत?"

सर्वपित्रीला काकांनी त्याच्याही नावाने डेकवर पान वाढलं. "त्याच्यामागे कोणी नाही," म्हणे. कावळा कुंपणावर बसून राहिला, शिवेना. अर्ध्या तासाने काकांनी हात जोडले, "दगड लावतो, बाबा." कावळा उतरला आणि थेट वडा घेऊन गेला. काकूंच्या मते, त्या आत गेल्या म्हणून उतरला.

दफनभूमीचा नियम साधा आहे: नातेवाईक नसेल तर गावातल्या पन्नास जणांच्या सह्या आणा. काका कागद घेऊन सभेत उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, "काका, तो आपला कोण लागतो? कशाला टेन्शन घेता?"

"मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"कावळ्याला."

हॉल हसला. विषय कॅन्सल केला, आणि दिवाळीला श्रीखंड की बासुंदी यावर पाऊण तास चर्चा झाली. काकांनी कागदाची घडी केली आणि चहा न घेता घरी गेले.

डिसेंबरात काका-काकू कायमचे पुण्याला जातायत. सभेपासून काका कॅचरचं नाव काढत नाहीत. पाहुणे येतात, निमूट जेवून जातात. मीही जेवलो; वरणभाताआधी गोष्ट आलीच नाही. कागद मी मागून घेतलाय. एकतीस सह्या झाल्यात. दिवाळीआधीच्या शनिवारी ओक ट्री रोडवर, मिठाईच्या दुकानाबाहेर मी उभा असेन. त्या दिवशी हसलेल्यांत तुम्ही होतात? मग तर याच. आत शिरण्याआधी सही करा.