भूक नसलेली जळू

माझ्या वहीत औषधांच्या वेळा, बसच्या वेळा, सगळं आहे; दिग्रसच्या आयुर्वेदिक दवाखान्यात जळवा सांभाळणाऱ्या माणसाचं नाव तेवढं नाही. बरणीतलं पाणी बदलताना तो म्हणायचा, “चला बायांनो, आंघोळी करा.” जिथं रक्त पोचत नाही तिथं जळू तोंड लावत नाही, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

या गुरुवारी त्यानं यजमानांच्या काळ्या पडलेल्या पायाला तीनदा जळू लावली. ती चिकटेना.

“काहून गा?” ह्यांनी विचारलं.

“आज भूकच नाही इले, काका.”

मग पाठ फिरवून त्यानं तीच जळू स्वतःच्या मनगटावर ठेवली. तिनं लगेच तोंड रोवलं. मला दिसलं, हे लक्षात येताच त्यानं बाही खाली ओढली.

“पुढच्या गुरुवारी लागंल भूक,” हे म्हणाले.

मी वही उघडून ह्यांच्यासमोर तारीख लिहिली.