कनातीआडचा योगवर्ग

पुण्याहून निघताना सासूबाईंनी शिदोरीत दशम्या बांधून दिल्या आणि वर म्हणाल्या, "शिकून ये खुशाल. पण परत आल्यावर मला हातपाय हलवायला सांगू नकोस." मी मुलींच्या शाळेत कवायत शिकवते. आमच्या आळीतल्या बायकांसाठी योगासनांचा वर्ग काढावा असं बरेच दिवस मनात होतं. पलूसकडच्या एका खेड्यात बायका योगासनं करतात, आणि त्यांच्यातलीच एक आता शिकवायला तयार होते आहे, हे कानावर आल्यापासून मला घरात चैन पडत नव्हतं.

महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं, तरी मोटारी अजून कोळशाच्या गॅसवर चालत. शिरवळला चहा झाला. खंबाटकीच्या घाटात गाडीने मान टाकली आणि आम्ही सगळे उतारू खाली उतरून तिच्या मागून चालू लागलो. रजेवर निघालेल्या एका शिपायाने न विचारताच माझी वळकटी खांद्यावर घेतली. "ही गाडी आमच्या म्हशीगत हाय, बाई," तो म्हणाला. "चढ आला की बसती."

साताऱ्यात मावसबहिणीकडे मुक्काम केला. सकाळी तिच्या यजमानांनी एका तालमीच्या अंगणात भरणारा योगवर्ग दाखवायला नेलं. अजिंक्यताऱ्यावर ऊन नुकतं उतरत होतं आणि त्या कडाक्याच्या थंडीत उघडी पोरं डोक्यावर उभी होती. पाहून माझाच ऊर भरून आला. पण तिथे बाईमाणूस म्हणून मी एकटीच, तीही दाराबाहेर.

कऱ्हाडवरून पलूसला पोचले आणि पुढे बैलगाडी मिळाली. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा गोड धूर. उतरायची सोय रखमाबाई नावाच्या एका म्हातारीकडे होती. नवरा नावाजलेला पैलवान, वारून बरीच वर्षं झालेली. मुलगा पलटणीत. घरात ती आणि सून हौसा. जेवायला भाकरी, खर्डा (ठेचलेली हिरवी मिरची) आणि वाटीभर काकवी. खर्ड्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा रखमाबाईंनी काकवीची वाटी पुढे सरकवली. शिकवायला तयार होत असलेली बाई म्हणजे ही हौसाच, हे मला जेवताना कळलं.

दुपारी वर्ग पाहिला. तांबोळ्यांनी आपली रिकामी वखार त्यासाठी दिली होती, आणि त्यांच्या घरच्या बायकाही तिथे येत. जमीन शेणाने सारवलेली, तिच्यावर घोंगड्या. वखारीच्या मधोमध पाटलांच्या घरची लग्नातली कापडी कनात आडपडद्यासारखी बांधलेली. कनातीच्या पलीकडे योग शिकवणारे गुरुजी, अलीकडे बायका. परक्या पुरुषाने बायकांना आसनं दाखवायची म्हणजे गावाच्या डोळ्यांवर येणार, म्हणून ही युक्ती.

वर्गाची सुरुवात गुरूच्या पाया पडून करायची, हा गुरुजींचा नेम. त्यामुळे बायका रांगेने त्या कनातीच्याच पाया पडत. पलीकडून आवाज येई, "झाला का नमस्कार?" या म्हणत, "झाला, गुरुजी." मग गुरुजी आसन सांगत आणि न बघताच "छान, छान" म्हणत. त्या वेळी निम्म्या बायका आडव्या पडून कुणाची म्हैस व्याली याची चौकशी करत होत्या. मला हसू आवरेना. एकटी हौसा मात्र रांगेतून फिरून कुणाचा गुडघा सरळ कर, कुणाची मान सोडव, असं करत होती. गुरुजींनी तिची निवड का केली हे कुणी सांगावं लागलं नाही.

तिची तयारी गुरुजींच्या घरी, त्यांच्या पत्नीसमोर चाले. तीही मी पाहिली. स्वतः करून दाखवायचं नाही, नुसतं बोलून समोरच्याकडून आसन करून घ्यायचं, अशी गुरुजींची शिकवण. कनातीआडून शिकवता शिकवता हे त्यांना गवसलं होतं. मी इतकी वर्षं मुलींपुढे हात उडवून कवायत शिकवली. शब्दाने अंग वळवता येतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

आदर वाटला तसा त्यांच्या नमस्काराच्या नेमाचा रागही आला. गावच्या पंचांनी बजावलं होतं, की कनात संक्रांतीपर्यंतच. पुढे बायकांना बाईने शिकवायचं, नाहीतर वर्ग बंद. म्हणून संक्रांतीच्या आधी हौसाने एक पुरा वर्ग घेऊन दाखवायचा होता, आणि पंच बाहेरच्या ओट्यावर बसून ऐकणार होते. कनात गेली म्हणजे बायकांनी आता हौसाच्या पाया पडायचं. त्या बायकांत तिच्या सासूबाईही होत्या, रखमाबाई.

शेंगा फोडत बसलो असताना हौसाने मला सांगितलं, "आसनं समदी येत्यात, बाई. पर आत्याबाई माज्या पायाशी वाकल्या, तर त्ये पाप मी कुटं फेडू? आन् वाकल्या न्हाईत तर वर्ग मोडला." वर्गामुळे सासूची आखडलेली कंबर मोकळी झाली होती. पहाटे त्यांना उठवायला आता हात द्यावा लागत नव्हता. वर्ग मोडला तर तेही सुख जाणार होतं.

मी तडक गुरुजींकडे गेले आणि नमस्काराचा नेमच काढून टाका म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वाकल्याशिवाय विद्या येत नाही, एवढं सांगून ते सूत कातायला बसले. मी हात चोळत परत आले.

हौसाच्या वर्गाच्या दिवशी कनात खाली उतरवली. गुरुजी दाराबाहेर पाठ करून उभे राहिले. हौसा पुढे उभी, डोक्यावर पदर, मान खाली. बायका आत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. सासवांनी सुनेच्या पाया पडायचं कसं, हे जिच्या तिच्या तोंडावर दिसत होतं. कुणी पुढे होईना. ओट्यावर पंचांतले पाटील खाकरले.

मग रखमाबाई पुढे निघाल्या. त्या जसजशा जवळ येत, तसतशी हौसा मागे सरकत गेली आणि पाठ भिंतीला टेकल्यावर तिने डोळेच मिटले. रखमाबाई मात्र भिंतीपर्यंत गेल्याच नाहीत. हौसा मघाशी जिथे उभी होती तिथे थांबल्या, कमरेतून सरळ वाकल्या, सारवलेल्या जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"सुनंच्या पाया मी पडायची न्हाई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पर आमचं मालक आखाड्यात उतरताना वस्तादाच्या आदी मातीला हात लावायचं. म्या ह्या जागंच्या पाया पडते. इद्या हितंच मिळती."

एकेक करून सगळ्या बायका त्या जागेला हात लावून गेल्या. शेवटी हौसा आली, तिनेही वाकून ती जमीन कपाळाला लावली आणि तिथेच उभी राहिली. बाहेरून गुरुजींनी विचारलं, "झाला का नमस्कार?"

"झाला, गुरुजी," हौसा म्हणाली.

वर्ग सुरू झाला. पहिलं आसन सांगताना तिचा आवाज कापला, दुसऱ्यापासून कापला नाही. "आत्याबाई, गुडगा वाकवू नगासा," ती म्हणाली, आणि आडव्या पडलेल्या रखमाबाई उत्तरल्या, "व्हय, बाई." सुनेला बाई म्हटलेलं ऐकून मी पदराने डोळे पुसले.

वर्ग संपल्यावर पाटील ओट्यावरून उठले. जाता जाता म्हणाले, "ती कनात घरला धाडून द्या. पोरीच्या लग्नाला लागंल."

सांगलीच्या स्टेशनावर गाडीत बसले, तेव्हा वळकटीत रखमाबाईंनी कोंबलेल्या शेंगा होत्या. पुण्याला पोचेपर्यंत मी मनाशी आसनं बोलून बघत होते. शब्दांनी शिकवणं किती अवघड असतं, ते मला मिरजेला गाडी बदलण्याआधीच कळलं.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी निवडायला घेतलेले तांदूळ शेवटपर्यंत निवडले. मग विचारलं, "आणि त्या रखमाबाईंची कंबर? खरंच दुखायची राहिली का गं?"

राहिली, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरात सतरंजी अंथरून मी एकटीच उभी होते. सासूबाई आल्या. दारात घुटमळल्या. मी सतरंजीवरून दोन पावलं मागे झाले, हौसासारखी, भिंतीपर्यंत.