वस्तीचं नाव काय?

अक्काचा फोन आला तेव्हा मी बदनापूरच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वडीगोद्रीच्या पुढे, शिवारातल्या वस्तीवर राहते. शाळेच्या वेळेत ती कधी फोन करत नाही, त्यामुळे फोनवर तिचं नाव दिसताच मी वर्गातूनच तो उचलला. "मने, ह्ये उठंनात गं... गाडी बोलावली, पर ती दुसरीकडंच फिरून राह्यली म्हणं," एवढंच ती बोलली आणि फोन तुटला. मी पोचले तेव्हा दाजींना ओट्यावर आणून ठेवलं होतं. या गोष्टीला काही आठवडे झाले, पण अजूनही वर्गात कुणाचा फोन वाजला की माझ्या हातातला खडू थांबतो.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान, दिगंबर मास्तर. होते जालन्याच्या एका महाविद्यालयात भूगोलाचे प्राध्यापक, पण गावाने त्यांना कधी मास्तरच्या वर चढू दिलं नाही. दाजी भित्रे होते. हे मी त्यांची थट्टा म्हणून लिहीत नाही, त्यांनी आयुष्यात जे काही केलं ते त्या भीतीतूनच केलं. ते शिकत होते तेव्हा त्यांच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं, आणि बोलावलेली जीप कापसाच्या शिवारात वाट शोधत फिरत राहिली. वडील वाचले, पण वाचा गेली. तेव्हापासून दाजींना एकच धास्ती... आपल्याकडे गाव कागदावर असतं आणि माणसं राहतात शेतात. कागदावर नसलेल्या माणसाकडे गाडी येणार कशी? पुढे उपग्रहाची चित्रं, संगणकावर नकाशे करायचं जीआयएस, ड्रोन हे सगळं ते शिकले ते या एका प्रश्नासाठी. प्रत्येक वस्ती नकाशावर यावी, तिच्यापर्यंतची वाट यावी, आणि तो नकाशा सरकारने आपला म्हणून वापरावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. "शासनाच्या नकाशात धरण दिसतं, कारखाना दिसतो," ते म्हणायचे, "पर घाबरलेला माणूस कुठं उभा हाय, ते दिसत न्हाई."

निवृत्तीनंतर त्यांनी मुंबईच्या वाऱ्या... नव्हे, खेपा सुरू केल्या. मोठ्या साहेबांसमोर जायचं म्हटलं की त्यांच्या तळहातांना घाम सुटायचा. म्हणून आदल्या दिवशी वस्तीवर रंगीत तालीम व्हायची. मी सचिव, अक्का शिपाई. अक्का दारातच अडवायची, "साहेब मीटिंगीत हायेत. मंग या."

"मंग म्हंजे कधी?" दाजी विचारायचे.

"ते साहेबालाच म्हाईत."

हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. दाजी मात्र हसत नसत, लॅपटॉप छातीशी धरून तसेच उभे राहायचे. एकदा खऱ्याखुऱ्या साहेबांनी नकाशा पाहून विचारलं, चित्र सुंदर आहे, पण या वस्त्या कायमच्या आहेत का? "भीती तरी कायमची आहे ना, साहेब" हे उत्तर त्यांना परतीच्या एसटीत सुचलं, आणि घरी आल्यावर ते त्यांनी आम्हाला तीनदा ऐकवलं.

गावातली भीती आणखी वेगळी. ड्रोन वर गेला त्या दिवशी पलीकडच्या धनगर आबांनी सगळ्या मेंढ्या लिंबाखाली ओढल्या. "आज वरून मोजून राह्यले, उद्या खाली येऊन घेतीन," आबा म्हणाले. नकाशावर रेघ पडली की जमीन गेली, असंच लोकांना वाटायचं. दाजी प्रत्येकाच्या ओट्यावर जाऊन चहा पीत, समजूत घालत. त्यांना समजूत घालणं बरं जमायचं, कारण समोरच्याची भीती त्यांना खोटी वाटत नसे. अखेर आमच्या तालुक्यात हा नकाशा प्रायोगिक म्हणून रुग्णवाहिकेसाठी वापरायचं ठरलं. त्या दिवशी दाजींनी स्वतः जाऊन पेढे आणले आणि पहिला पेढा वडिलांच्या तसबिरीपुढे ठेवला.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना माझा हात जड होतो. वस्त्यांना आपल्याकडे पाट्या नसतात. घरात जो कर्ता, त्याच्या नावाने वस्ती. ही नावं दाजींनी पारावर बसून, हॉटेलात बसून गोळा केली, म्हणजे पुरुषांना विचारून. आमच्या वस्तीला सगळे मास्तरची वस्ती म्हणतात, पण ओढ्यापलीकडे दुसरे एक मास्तर राहतात. त्यांची वस्ती त्याच नावाने आधीच नोंदली गेली होती. घोटाळा नको म्हणून दाजींनी आपल्या वस्तीवर आपलं पाळण्यातलं नाव घातलं. दिगंबर वस्ती. दिवसभर वस्तीवर बाया असतात, फोन करायची वेळ आली तर बाईच करणार, हे इतक्या भित्र्या माणसाच्याही ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी दाजी छाती धरून खाली बसले. अक्काने रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. पलीकडच्या मुलीने गाव विचारलं, ते अक्काने बराबर सांगितलं. मग तिने विचारलं, "वस्तीचं नाव काय?" फोनच्या मनोऱ्यावरून जागा कळते म्हणतात, पण आमचं अर्धं शिवार एकाच मनोऱ्याखाली येतं. अक्का म्हणाली, "मास्तरची वस्ती." गाडी ओढ्यापलीकडे गेली. त्यात त्या मुलीची चूक नाही, चालकाचीही नाही. ओढ्याला पाणी असल्यामुळे त्याला परत येताना लांबून वळसा घालावा लागला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा अक्काने मला चुलीपाशी बसवलं. "नाव जिभंवर आल्तं गं," ती म्हणाली. "पर ह्ये समोर पडलेले... डोळे उघडे. आपल्यात म्हणत्यात, मालकाचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी व्हतं. म्या म्हणलं, आत्ताच कामून घेऊ?" मी तिला पोटाशी धरलं. गाडी वेळेत आली असती तरी दाजी वाचले असते असं सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले होते, ते मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिने ऐकून घेतलं, बस्स. तेव्हापासून मला भीती वाटते ती अक्काची. तिची लेक पुण्याला. वस्तीवर ती एकटी, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारी, आणि वस्ती सोडायला बिलकुल तयार नाही.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे होते. नकाशाची फेरतपासणी करणारी एक तरुण मुलगी हातात टॅब घेऊन आली. बायकांना वस्तीचं नाव विचारा, असं मी कार्यालयात जाऊन सांगून आले होते, त्यामुळे ती थेट अक्काकडेच वळली. "मावशी, वस्तीचं नाव काय लिहू?" मी घाईने म्हणाले, "अक्काची वस्ती लिहा." अक्काने मला हाताने थांबवलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, दाराच्या चौकटीला धरलं. ओठ हलले, पण शेजारच्या मळ्यात मोटार चालू होती.

"जरा मोठ्यानं, मावशी."

"दिगंबर!" अक्का ओरडली. इतक्या जोरात, की कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. मुलीने नाव लिहिलं, खूण बराबर पडली का ते बघितलं आणि ती पुढच्या वस्तीकडे गेली. अक्का ओट्यावर बसली. मी पाणी आणलं, तर तिने तांब्या बाजूला ठेवून माझं मनगट घट्ट धरलं.

"मने," ती म्हणाली, "आता येईन ना गं गाडी?"