हेडसरांच्या खुर्चीत एक तास

करमाडच्या शाळेतले आमचे मराठीचे सर स्वतःच्या डोक्यात जेवढे राहिले नसतील, तेवढे दुसऱ्यांच्या डोक्यात राहिले. शिकवता शिकवता खिडकीबाहेर नजर लागली की समजायचं, सर गेले. कुणाकडं गेले ते परत आल्यावर कळायचं. एकदा बोरं विकणारी म्हातारी होऊन आले, अन् अख्खा तास पाय पसरून उन्हाला शिव्या देत बसले. निबंधाला 'माझी शाळा' कधी दिलाच नाय. म्हणायचे, "ज्याला शाळेत घातलं नाय, तो कुंपणातून काय बघतो ते लिव्हा." औरंगपुऱ्यात चपला घ्यायला गेले, तर सकाळपासून लोकांचे पाय बघून दुकानदार कंटाळला असेल म्हणून त्यालाच चहाला घेऊन गेले, अन् तशाच फाटक्या चपलांत घरी आले.

मी वर्गातला नकल्या. हेडसरांची नक्कल आपली हुकमी. भाषणात ते करमाड कधी म्हणायचेच नाय, जरा थांबून "आपलं... आपलं गाव" म्हणायचे. मी तेवढंच करायचो, पोरं लोळायची. एक दिवस पोरं हसेनात. वळून बघतो तर हेडसर मागंच. "दाखला घेऊन जा," एवढंच बोलले. दहावीचं वर्ष, अन् घरी बाप.

सर मधी पडले. "एक दिवस द्या. ह्याच्या बापाला चिठ्ठी हाच लिव्हील, पण तुमच्या तोंडून. पटली नाय तर खुशाल काढा."

पहिल्या चिठ्ठीत मी स्वतःला गुणी ठरवून माफ केलं. सर म्हणाले, "हे हेडसर व्हय? हा तूच हायेस, मिशा लावून." दुसरीत मी स्वतःला फासावर चढवलं. "हा बी तूच. नुसता रडका." मग हेडसर तासावर गेल्यावर सरांनी मला थेट त्यांच्या खुर्चीत बसवलं. "बोलू नको. नुसता बस."

बसलो. टेबलाच्या काचेखाली उद्याच्या भाषणाचा कागद. त्यात 'करमाड' खोडून 'आपलं गाव', 'कष्ट' खोडून 'मेहनत'. 'क' आला की हेडसरांची जीभ अडायची, अन् माणूस रोज गुपचूप वाट बदलून जायचा.

तिसरी चिठ्ठी छोटी झाली. 'तुमचा मुलगा हुशार आहे. अडणारे शब्द टाळून मी दुसरे शोधतो. त्यानं नेमका शोधलेला शब्द उचलला. उद्या प्रार्थनेला मी गप्पच राहावं म्हणतो.'

हेडसरांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "तुझं... तुझं म्हणणं?"

सगळ्या गावाचे आवाज काढणारा मी, माझाच आवाज फुटेना. तेव्हा सर माझ्याशेजारी येऊन, माझ्यासारखाच एक खांदा पाडून उभे राहिले, अन् हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाले, "चुकलं सर. नका ना काढू. मला लोकांना हसवण्याबिगर दुसरं कायबी येत नाय."

हेडसरांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. "वर्गात जा."

आता मी शहरात स्टेजवर नकला करतो, टाळ्याबी मिळतात. सर रिटायर होऊन हर्सूलच्या तलावाकडं फिरत असतात, कुणीतरी होऊन. माझीबी नक्कल करणारे चिकार भेटले. पण इतक्या हळू आवाजात, इतक्या मायेनं, पुन्हा कुणी केली नाय.